पत्र्याच्या वर्कशॉपला उष्णतारोधक रंग: गोधडी नव्हे, पांढरं पागोटं

मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या अकोल्याच्या शेडमध्ये लेथसमोर उभं राहिलं की आधी टाळू तापते, मग खांदे. पत्रा डोक्यापासून आठ फूट वर आहे, मधे नुसती हवा, तरी भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. पंखा लावला तर तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. त्यात कामाचं नुकसान वेगळंच. ३०० मिलिमीटरचा लोखंडी शाफ्ट सकाळपेक्षा १० अंशांनी तापला की लांबीला साधारण ०.०३६ मिलिमीटर वाढतो. दुपारी मायक्रोमीटरला बरोबर आलेला जॉब दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरतो आणि मग उगाच पोरावर ओरडा होतो.

यावर उपाय म्हणून 'उष्णतारोधक रंग' नावाने बादल्या विकल्या जातात. मी दोनदा रंगवलं. पहिल्यांदा पैसे वाया गेले, दुसऱ्यांदा उपयोग झाला. रंग दोन्ही वेळा ठीकच होता, फरक पडला तो बाकीच्या गोष्टींनी.

आधी समज नीट करून घ्या

दुकानात सांगतात की या रंगात सिरॅमिकचे किंवा काचेचे पोकळ कण असतात आणि ते उष्णता अडवतात. कण असतात हे खरं. पण वाळल्यावर रंगाचा थर असतो जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. हा थर थर्मोकोलइतका गुणी आहे असं मानलं, तरी ५० मिलिमीटरच्या थर्मोकोलपेक्षा तो दीडशे पटींहून जास्त पातळ आहे. गोधडीचा एक दोरा अंगावर टाकून थंडी जाणार आहे का? अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थासुद्धा नेहमीच्या इन्सुलेशनऐवजी असे रंग वापरू नका असंच सांगते.

मग फायदा होतो कशाने? पांढरेपणाने. उन्हातली जवळजवळ निम्मी शक्ती डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात असते आणि उरलेली बहुतेक न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत. चांगला पांढरा रंग या दोन्ही मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. शिवाय जी थोडी उष्णता पत्र्यात शिरते, तीही पांढरा रंग आकाशाकडे पटकन सोडून देतो. उन्हात शेतकरी डोक्याला पांढरं पागोटं बांधतो, तेच आपण पत्र्याला बांधतोय. खरेदीपासून धुण्यापर्यंतचे सगळे निर्णय याच एका गोष्टीवरून ठरतात.

आकड्यांत बघा. ३० बाय ४० फुटांचं शेड म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरला ९०० वॉट ऊन धरलं तर छपरावर १०० किलोवॅट पडतं. जुना, काळवंडलेला पत्रा त्यातलं ६० ते ७० टक्के पितो. पांढरा २० ते २५ टक्के. मधला फरक चाळीस किलोवॅटच्या घरात जातो. तो सगळा आपल्या डोक्यावर उतरत नाही, बराच भाग वाऱ्यावर आणि आकाशाकडे जातो. तरी दीड टनाचा एसी साधारण ५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, यावरून काय ते समजा.

आता मर्यादा. बाहेर ४४ अंश असेल तर रंगामुळे आत ३५ होणार नाहीत. पत्रा बाहेरच्या हवेच्या जवळपास येईल, डोक्यावरची धग जाईल, आणि शेड 'बाहेरपेक्षा गरम' न राहता 'बाहेरइतकंच गरम' होईल. तेवढ्यानेच माणूस दुपारी काम करू शकतो. यापेक्षा जास्त कोणी कबूल करत असेल तर लेखी मागा.

चंदेरी रंग आणि चुना

आपल्याकडे पत्रा म्हटला की चंदेरी रंग ठरलेला. दिसतो चकचकीत, पण पांढऱ्यापेक्षा ऊन कमी परतवतो. वर, अॅल्युमिनियमच्या चकाकीमुळे शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. नवाकोरा झिंकचा पत्रा उन्हात चटका देतो तोही याच कारणाने. चंदेरी लावायचाच असेल तर गंज थांबवायला लावा, गारव्यासाठी नको.

चुना स्वस्त आहे आणि स्लॅबवर छान काम करतो. पत्र्यावर मात्र टिकत नाही. २० फुटांचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. ही ओढाताण चुन्याला सोसत नाही, पोपडे निघतात. एका उन्हाळ्यापुरती नड भागवायची असेल तर चुना मारा, पहिल्या पावसात जाईल हे धरून. कायमच्या कामाला रबरासारखा ताणणारा अॅक्रिलिक रंग हवा, ज्याला बादलीवर 'इलास्टोमेरिक' म्हटलेलं असतं.

पहिला टप्पा: मोजा, आणि फसू नका

रंगवण्याआधीचे आकडे लिहून ठेवले नाहीत तर नंतर 'फरक पडला का' या प्रश्नावर शेडमध्ये नुसता वाद होतो. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण त्यात एक मेख आहे. साध्या गनची बेतणी मॅट पृष्ठभागासाठी असते. चकचकीत झिंकवर धरली की ती पत्र्याऐवजी त्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब मोजते आणि भलताच थंड आकडा दाखवते. हात लावा, चटका बसेल. म्हणून वरून आणि खालून पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन-तीन इंची तुकडे नीट दाबून चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि गन जवळून त्या टेपवर धरा. आतली हवा मोजायला साधा थर्मामीटर माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत, मशिनपासून लांब टांगा. बाहेर सावलीत दुसरा. दुपारी एक ते तीन, सलग तीन दिवस.

आतली हवा बाहेरपेक्षा बरीच गरम असेल, पण पत्र्याची खालची बाजू फारशी तापत नसेल, तर तुमचा त्रास छपराचा नाही, मशिनचा आहे. कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट, मोटारी खातात ती वीज शेवटी उष्णता होऊनच शेडमध्ये राहते. अशा ठिकाणी आधी कॉम्प्रेसर बाहेर पडवीत काढा, रंगाचं नंतर बघू.

दुसरा टप्पा: किती रंग, कसा विकत घ्यायचा

जमिनीचं माप घेऊन दुकानात जाऊ नका. ३० बाय ४० म्हणजे १,२०० चौरस फूट. उतार आणि बाहेर आलेले छज्जे धरून ते १,३५० च्या आसपास जातं. पत्र्याच्या नाळ्यांमुळे, म्हणजे उंच-सखल वळ्यांमुळे, खरा पृष्ठभाग आणखी दहा-वीस टक्के वाढतो, म्हणजे १,५५० धरा. तुमच्या पत्र्याची वाढ नेमकी काढायची तर सुतळी नाळ्यांमधून चेपत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या, मग ताणून मोजा आणि सरळ रुंदीने भागा.

दोन हात मिळून लिटरला २० चौरस फूट हा मी धरतो तो हिशोब. या मापाने ओला थर ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतो आणि रंगातला घन भाग निम्मा असेल तर वाळून २७० मायक्रॉन उरतो. वरच्या शेडला ७८ लिटर, म्हणजे २० लिटरच्या चार बादल्या. कोणी म्हणालं 'आमचा रंग लिटरला ६० फूट जातो', तर तो थर वाळून ९० मायक्रॉनवर येईल. इतका पातळ पांढरा रंग खालचा पत्रा पुरता झाकत नाही, आणि झाकलं नाही तर ऊन परतणार कुठून?

म्हणून लिटरचा भाव विचारू नका. 'वाळल्यावर २५० मायक्रॉन बसवायला चौरस फुटाला किती खर्च?' असं विचारा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा: सूर्यकिरण परावर्तन (०.८० च्या वर हवं), उत्सर्जन, म्हणजे शिरलेली उष्णता सोडून देण्याचं प्रमाण (०.८५ च्या वर), आणि घन भागाचं आकारमानी प्रमाण. कणांच्या गोष्टी कितीही लिहिल्या असल्या आणि हे तीन आकडे नसतील, तर ती बादली ठेवून द्या. आणि रंग पांढराच. फिका निळा, फिका हिरवा छान दिसतो, पण प्रत्येक छटा थोडं ऊन पिते.

तिसरा टप्पा: पत्रा ओळखा

इथेच माझे पैसे बुडाले. शेडच्या वाढवलेल्या भागाला कोरा झिंकचा पत्रा होता. दुकानात दिला तो तेलाचा प्रायमर मारला, वर महागडा पांढरा. दिवाळीपर्यंत पापडासारख्या पापुद्र्यांनी सगळं सुटून आलं. जुन्या भागावर तोच रंग घट्ट होता. कारण मागाहून कळलं: तेलाच्या, म्हणजे अल्किड रंगातलं तेल जस्ताशी संयोग पावून साबणासारखा थर तयार करतं आणि वरचा रंग सुटतो.

कोऱ्या झिंकच्या पत्र्यावर कारखान्यातलं तेल आणि रसायनाचा पातळ थर असतो. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, चकाकी जाऊन पत्रा राखाडी, मंद झाला की रंग चांगला धरतो. घाई असेल तर डिटर्जंटने तेल काढा, नायलॉनच्या घासणीने खरडा आणि झिंकसाठीचा एच प्रायमर (जस्ताला किंचित खाऊन घट्ट धरणारा) किंवा पाण्याचा अॅक्रिलिक प्रायमर लावा. गंज आलेल्या जागी वायर ब्रश आणि झिंक फॉस्फेट प्रायमर. कारखान्यातून रंगवून आलेला पत्रा असेल तर धुऊन हलका पॉलिश पेपर मारा.

कोणताही पत्रा असो, आधी दोन फूट बाय दोन फूट तुकडा रंगवून आठवडाभर ठेवा. मग ब्लेडने फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर पुढे जाऊ नका.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर वेगळी काळजी. त्यांत अॅसबेस्टॉस असतं. कोरडं खरडायचं नाही, वायर ब्रश नाही, ग्राइंडर तर नाहीच, जोराच्या पाण्याचा फवाराही नाही. त्या धुळीने फुप्फुसांचे असाध्य आजार होतात. साध्या पाण्याने भिजवून, मऊ ब्रशने, ओलं असतानाच शेवाळ काढा आणि प्रायमर लावून मोकळे व्हा.

वर चढण्याआधी

हे रंगारी ऐकत नाहीत, म्हणून मालकाने खाली उभं राहून ऐकवायचं. सिमेंटचा पत्रा आणि उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. फायबर उन्हाने ठिसूळ झालेला असतो आणि धुळीने शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो. शेडच्या आतून बघून प्रत्येक फायबरच्या पत्र्याची जागा आधी कागदावर काढा, मग वर गेल्यावर त्याच्या चारही बाजूंनी लाल पट्टी लावा. एकदा त्यावर पांढरा शिंतोडा पडला की ओळखूच येत नाही.

लोखंडी पत्र्यावरही पाय बोल्टच्या ओळीवरच ठेवायचा, कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, तिथेच असते. सिमेंटच्या पत्र्यावर किमान दोन पर्लिनवर टेकेल अशी जाड फळी टाका आणि फळीवरूनच हला. कमरेला पट्टा, पट्ट्याचा दोर छपराच्या कैचीला (सांगाड्याला) बांधलेला. विजेची सर्व्हिस वायर छपरावरून जात असेल तर शिडी लावण्याआधी तिचा बंदोबस्त. ओल्या रंगावर पाय साबणासारखा घसरतो, म्हणून रंगवत रंगवत शिडीकडे यायचं, शिडीपासून दूर जायचं नाही. काळा गॉगलही लागतोच, ताज्या पांढऱ्या पत्र्यावर डोळे दिपतात.

चौथा टप्पा: डागडुजी, धुणं, मग रंग

हंगाम फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. मेमध्ये आठवण झाली तर पत्रा सकाळी नऊलाच इतका तापतो की पाण्याचा रंग रोलरवरच सुकतो आणि पत्र्याला धरत नाही. पत्र्यावर तळहात ठेवून सावकाश दहा मोजता येत नसतील तर त्या दिवसाचं काम संपलं. दवही बघा. फेब्रुवारीत पहाटे पत्रा ओला असतो, तो वाळल्यावरच सुरुवात.

आधी बोल्ट. जे-बोल्टचे रबरी वाशर कडक होऊन चिरलेले असतात, ते बदला. रंगाने गळती थांबते ही आशा बाळगू नका. छोट्या भोकांना आणि पत्र्यांच्या सांध्यांना सीलंट, मोठ्या चिरेवर रंगातच बुडवलेली फायबरची जाळी. शेवाळ, काजळी, कबुतरांची घाण डिटर्जंट आणि ब्रशने काढा. कोकणात किंवा गोव्यात छपरावर काळी बुरशी असतेच, तिथे पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवून लावा, थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ती बुरशी रंगाखाली राहिली तर रंगातूनच वर येते. धुतल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या. बोट फिरवून बघा, पांढुरकी भुकटी लागली तर पुन्हा धुवा.

पहिला हात पातळ, बादलीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी घालून. नाळ्यांच्या तळात आणि बोल्टच्या भोवती आधी ब्रशने भरून घ्या, मग लांब केसांचा रोलर उताराच्या दिशेने. रंगारी फक्त नाळ्यांच्या डोक्यावरून रोलर पळवतात, खालून बघणाऱ्याला सगळं पांढरं दिसतं आणि खाचा तशाच राहतात. संध्याकाळी तिरप्या उन्हात वर जाऊन नाळ्यांच्या दोन्ही बगला तपासा. दुसरा हात पाणी न घालता, चार ते सहा तासांनी किंवा दुसऱ्या सकाळी, जे माहितीपत्रकात असेल ते. बादल्या मोजून द्या: अर्ध्या छपराला दोन. दीडच संपली तर थर पातळ बसलाय, रंगाऱ्याने 'बचत' केलेली नाही.

वळवाचा अंदाज असेल तर थांबा. रंग पुरता वाळण्याआधी पाऊस आला की दुधासारखा पन्हाळातून वाहून जातो आणि शेजाऱ्याच्या अंगणात पैसे दिसतात.

आतून रंगवू नका

'आतूनही एक हात मारा, डबल फायदा' असं हमखास सुचवलं जातं. आतून ऊन नाही, मग परतवायचं काय? उलट नुकसान होऊ शकतं. झिंकच्या पत्र्याची आतली चकाकी शिल्लक असेल तर ती खाली धग कमी फेकते. तिच्यावर कुठलाही रंग मारला की तोच पत्रा, त्याच तापमानाला, डोक्यावर जास्त उष्णता सोडतो. उजेडासाठी आतून पांढरा हवा असेल तर वेगळी गोष्ट, पण गारव्याच्या नावाखाली नको. वाफेच्या पाइपला हात भाजू नये म्हणून असे कणवाले रंग जाड थरांत लावतात, तो उपयोग वेगळा आणि खरा आहे.

नंतरचं वर्ष

रंग झाल्यावर पुन्हा तेच टेप, तीच वेळ, तशाच कडक उन्हाचे तीन दिवस. जुना पत्रा दुपारी साठीच्या पुढे जात असेल, तर पांढरा बाहेरच्या हवेपेक्षा थोडाच वर राहायला हवा. जुन्या आणि पांढऱ्या पत्र्याच्या आकड्यांतला फरक दहा अंशांहूनही कमी भरला, तर थर पातळ आहे किंवा रंग बोगस.

धूळ मात्र बसतेच. काळी माती, रस्ता, शेजारची जिनिंग किंवा क्रशर, जे असेल ते छपरावर येतं. पहिल्या वर्षात परावर्तनाचा बराचसा तोटा या मळामुळेच होतो. पाऊस थोडं धुतो, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी साचलेलं कोण काढणार? दरवर्षी होळीच्या आधी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने एकदा धुवा.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. रंगवल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडू लागले आणि लेथच्या बेडवर गंजाचे टिपके आले. पांढरा रंग रात्री आकाशाकडे उष्णता जास्त सोडतो, पत्रा हवेपेक्षा गार होतो आणि आतल्या दमट हवेचं दव त्यावर धरतं. आता थंडीत बेडला तेलाचा हात देऊन वर ताडपत्री टाकतो, आणि रात्री वरची झडप उघडी ठेवतो.

झडपेवरून आठवलं: छपराच्या कण्याजवळ गरम हवेला बाहेर जायला वाट नसेल तर रंगाचा अर्धा फायदा बुडतो. वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा, पण खालून हवा यायला तितक्याच मोठ्या जाळ्या हव्यात, नाहीतर ते नुसते शोभेचे. आमच्याकडच्या कोरड्या हवेत जाळीला लागून कूलर ठेवला की तीच वाट गार होते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कूलर चिकचिक वाढवतो, तिथे पंखेच बरे.

रंग उरला तर तो कुठल्या भिंतीला? मे अखेरीस अकोल्यात सूर्य ऐन दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. चारनंतर भाजते ती पश्चिमेची. तिथल्या पत्र्यावर दोन हात द्या, फक्त सरकत्या शटरला सोडून. शटर गुंडाळताना जाड रंग एकमेकांना चिकटतो आणि सकाळी ते उघडायला चार माणसं लागतात.